तपासणीची तारीख



ठाकुर्ली म्हटलं की जुन्या माणसांना चोळ्याचं पॉवर हाऊस आठवतं. १९२९ साली ते सुरू झालं आणि रेल्वेच्या गाड्यांना तिथून वीज मिळू लागली. त्याच मार्गावरून आज आपल्याकडच्या कितीतरी बाया धीमी लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीला जातात. आज त्या तपासणीचीच गोष्ट सांगते.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही वारले. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कॅन्सरचं हॉस्पिटल उघडलं. तेव्हा कॅन्सर म्हणजे मरणच, असं लोक धरून चालत. हळूहळू ऑपरेशनं आणि औषधं सुधारली, माणसं बरी होऊन घरी जाऊ लागली. मग नवा प्रश्न आला : रोग उलटला, तर कळणार कसा?

सार्कोमात हा प्रश्न फार मोठा. सार्कोमा म्हणजे हाडाचा, किंवा स्नायू, चरबी अशा मऊ भागाचा कॅन्सर. मांडीत, दंडात गाठ येते. पुष्कळदा दुखत नाही, म्हणून बाई ती अंगावर काढते. गाठ काढल्यावरही रोग त्याच जागी उलटू शकतो, नाहीतर फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा.

पण दर वेळी महागडा सीटी स्कॅन हवाच का? टाटाच्या डॉक्टरांनी २००६ ते २०१० या काळात हातापायांच्या सार्कोमाचे ५०० रोगी घेऊन हे पडताळून पाहिलं. काहींच्या छातीचा साधा एक्स-रे काढला, काहींचा सीटी स्कॅन. एक्स-रेवाले जगण्यात मागे पडले नाहीत. तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी आलं तरी चालतं, हे मात्र पक्कं ठरलं नाही. आणि एक गोष्ट आपल्या फार कामाची : जुन्या जागी उलटलेली गाठ दहापैकी सुमारे नऊ वेळा रोग्याला स्वतःलाच आधी कळली होती.

तेव्हा अंघोळीच्या वेळी टाक्यांच्या व्रणावर आणि आजूबाजूला हात फिरवून बघा. नवी गाठ, सूज लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. खोकला हटत नसेल, दम लागत असेल, तरी डॉक्टरांना सांगा. आणि हाताला काही लागलं नाही, तरी तारीख चुकवू नका. फुप्फुसातलं हाताला कळत नाही.

रोज बुडतो, पोरांना कोण बघणार, म्हणून तारीख राहून जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅन्सरच्या रोग्याला तपासणीच्या प्रवासासाठीही रेल्वेची सवलत असते; हॉस्पिटलात त्याच्या फॉर्मची चौकशी करा. गटातली एक जण तिच्यासोबत जा, दुसरीने तिची पोरं सांभाळा. गटाच्या वहीत हप्त्यांच्या तारखा लिहितो ना? तिथेच तिच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवा.