उकरते ती कोंबडी

आज विषय जरा आमच्या नारायण पेठेला न शोभणारा आहे. कोंबडी!

झालं असं, की केळकर रस्त्यावरच्या एका दुकानात पाटी दिसली: 'गावरान अंडी मिळतील'. भाव नेहमीच्या अंड्यांच्या दुप्पट. मी विचारलं, "गावरान कशावरून?" उत्तर आलं, "रंग बघा ना!" आता गंमत अशी, की कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडं जन्मभर पिंजऱ्यात असलेली कोंबडीही देते. मग गावरान म्हणजे नक्की काय?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. चरकसंहितेत पक्ष्यांचे गट केलेत ते रंगावरून नाही, खाण्याच्या रीतीवरून. चोचीने टोचून खाणारे ते 'प्रतुद', त्यात पोपट येतो. आणि उधळून, विखरून खाणारे ते 'विष्किर'. कोंबडा या दुसऱ्या गटात. म्हणजे कुणीतरी अंगणात बसून नीट बघितलं होतं, बरं का! आपली मराठीही तेच सांगते. 'उकरणे' आणि 'उकिरडा' हे शब्द एकाच मुळाचे.

कोंबडी माणसाकडे आली तीसुद्धा बहुधा या उकरण्यामुळेच. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीशीर पुरावा थायलंडमधल्या बान नोन वाट इथला, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातला. माणसाने कोरडवाहू भात आणि भरडधान्यं पेरली, खळ्यावर दाणे सांडले, आणि जंगलातला हा पक्षी ते वेचायला आला, असा संशोधकांचा तर्क आहे.

आता आपला संबंध. पेठेला लागून वाहणारी मुठा जिथून येते त्या सह्याद्रीत दुसरा रानकोंबडा राहतो, करडा. २००८ साली जनुकीय अभ्यासातून कळलं, की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक तांबड्याकडून नाही, बहुधा या करड्याकडून आलंय. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत दख्खनच्या रानाचा थोडा वाटा आहे! तो पिवळा रंग चढतो मात्र खाण्यातून. हिरवा पाला, मका यांतली रंगद्रव्यं पायांत आणि बलकात उतरतात.

मुठा खोऱ्यात माझी आत्या राहते. तिच्या अकरा कोंबड्या. मागच्या श्रावणात मी एक अख्खी दुपार पडवीत बसून त्यांच्याकडे बघत होतो. दोनदा पायाने उकरायचं, एक पाऊल मागे सरायचं, मान वाकडी करून बघायचं, मग टोचायचं. शेणाच्या ढिगाखालच्या अळ्या, वाळवी, कोवळं गवत. आत्याने तांदळाची कणी टाकली तेव्हा धावत आल्या, पण चार दाणे टिपून पुन्हा उकिरड्यावर! मला वाटलं, पोट भरलं तर हा खटाटोप कशाला? हाच प्रश्न मॅरियन डॉकिन्स यांच्या १९८९ च्या अभ्यासामुळे पडतो. प्राणिसंग्रहालयातल्या रानकोंबड्यांना खाणं आयतं मिळत होतं. तरी निरीक्षणाच्या सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमीन टोचताना दिसल्या, आणि ३४ टक्के मिनिटांत उकरताना. म्हणजे उकरणं फक्त पोटासाठी नाही. तो तिचा स्वभाव आहे.

आणि इथेच पुण्याचं नाव येतं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेला उद्योग पुढे पुण्यातून देशभर पसरला. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिचंही मुख्यालय पुण्यातच. अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकाने ठरवावा, ही मागणी न्याय्य होती. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे नाकारून चालणार नाही. पण वर्षाला तीनशे अंडी देणारी ही कोंबडी तारेच्या जाळीवर उभी असते. जाळीवर उकरणार काय? २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात या पिंजऱ्यांचा प्रश्न सरकारपुढे मांडला.

मी हे आत्याला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अरे, माझी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधेच खुडूक होऊन बसते. यंदा रवणीची अकरा पिल्लं निघाली, चार घारीने नेली, दोन मुंगसाने. मोकळं सोडणं फुकट नसतं." पुढच्या वर्षी जाळीचं कुंपण घालावं का, या विचारात ती आहे. मी काय सांगणार? पिल्लं तिची जातात, माझी नाही.

एवढं मात्र कळलं. दुप्पट भाव द्यायचा तर तो तपकिरी रंगाला नाही, त्या सहा पिल्लांना आणि उकरायला मिळालेल्या मातीला द्यायचा. परवा त्याच दुकानात पुन्हा गेलो आणि विचारलं, "ही कोंबडी उकरते का हो?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "विचारून सांगतो," म्हणाला.

तुम्हीही विचारा.