मत मिळालं १९५० साली, खुर्ची मिळाली १९९३ साली



ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की तालुक्याच्या गावी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. बरणीत चिठ्ठ्या टाकतात, शाळेतल्या एखाद्या लहान पोराला पुढे बोलावतात आणि त्याच्या हातून एकेक चिठ्ठी काढून घेतात. आपल्या गावाच्या नावापुढे 'महिला' असं आलं की त्याच संध्याकाळी पारावरचं बोलणं बदलतं. सरपंच व्हायच्या तयारीत बसलेले पुढारी घरी जाऊन बायकोची कागदपत्रं शोधायला लागतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण ही 'महिला' लिहिलेली चिठ्ठी त्या बरणीत आली कुठून? आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत. ती दिल्लीत घडली, तशी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातही घडली.

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीपासून करू. मुंबई इलाख्यात बायकांना कायदेमंडळाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क १९२१ साली मिळाला. पण तो सगळ्यांना नव्हता. ज्याच्या नावावर मालमत्ता, जो सरकारला कर भरतो, त्यालाच मत, असा तेव्हाचा नियम. पुरुषांनाही तोच. आता मालमत्ता किती बायकांच्या नावावर असणार? १९३५ च्या कायद्याने दार थोडं किलकिलं केलं. लिहिता-वाचता येणारी बाई, ठरावीक मालमत्ता असलेल्याची बायको किंवा विधवा, यांनाही मत मिळालं. सगळ्या हिंदुस्थानात मिळून अशा साधारण ६० लाख बायका झाल्या. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी, मोलमजुरी करणारी बाई बाहेरच राहिली. आणि जिला मत मिळालं, तिलाही पुष्कळदा ते नवऱ्याच्या जमिनीमुळे मिळालं.

२६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली आणि हे सगळे उंबरठे एकदम पडले. घटनेचं कलम ३२६ सांगतं की प्रौढ नागरिकाला मत आहे. त्या वेळी त्यासाठी वय २१ पूर्ण असावं लागे. शिक्षण, जमीन, जात, धर्म, बाई की पुरुष, काही बघायचं नाही. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं. आपल्या आज्या-पणज्यांना ते पहिल्याच निवडणुकीपासून होतं.

पण कागदावर हक्क आला म्हणजे तो हातात आलाच असं नसतं. पहिल्या निवडणुकीसाठी माणसं मतदार याद्या करायला दारोदार फिरली, तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे आली. उत्तरेकडच्या बऱ्याच भागांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. मग यादीत नोंदी झाल्या त्या 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. काही ठिकाणी नावं दुरुस्त करायला मुदत वाढवून दिली. तरीही शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून निघाली आणि त्यांना मत देता आलं नाही.

या बायकांना हसू नये. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं आणि स्वतःचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर बदलून घ्यायचं, ही रीत आपल्या ओळखीचीच आहे. सेन यांचा निर्णय त्या वेळी कडक वाटला. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपलं नाव सांगू लागल्या. मत द्यायचं तर आधी नाव लागतं, हा धडा त्या एका निवडणुकीने दिला.

मत तर मिळालं. मग राखीव जागा तेव्हाच का नाही ठेवल्या? घटना समितीत १५ बायका होत्या. त्यातल्या एक हंसाबेन मेहता, मुंबईच्या. त्यांनी समितीत सांगितलं की आम्हांला राखीव जागा नकोत, वेगळ्या सवलती नकोत, आम्हांला न्याय हवा. त्यांच्या पिढीचा हाच विश्वास होता. देश स्वतंत्र झाला, हक्क बरोबरीचे झाले, आता बायका आपल्या कर्तबगारीवर पुढे येतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यात त्यांचा स्वाभिमान होता, आणि तो समजून घ्यायला हवा.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याचा आराखडा दिला. पंचायत समितीत दोन बायका स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात, असं त्यात होतं. स्वीकृत म्हणजे निवडून आलेल्या नव्हे, बोलावून घेतलेल्या. बोलावणारा कुणाला बोलावतो ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे सरकारने बायकांच्या स्थितीचा अभ्यास करायला एक समिती नेमली. तिचा अहवाल १९७४ साली आला. विधानसभा-लोकसभेत राखीव जागा नकोत, असंच तिच्या बहुतेक सदस्यांचं मत पडलं. पण वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार या दोघींनी आपला विरोध वेगळा लिहून ठेवला. पंचवीस वर्षं बरोबरीच्या हक्कांची वाट पाहिली, पण बायका सत्तेपासून लांबच राहिल्या, हे आकडे पाहून त्यांचं मत बदललं होतं.

आता जरा थांबून घटनादुरुस्ती म्हणजे काय ते पाहू. घटना बदलायची सोय घटनेतच आहे, कलम ३६८ मध्ये. साध्या कायद्यासारखं साधं बहुमत तिथे पुरत नाही. लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हीकडे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्य बाजूने लागतात, शिवाय सभागृहाच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त. काही विषयांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. इतकी कडी-कुलपं का? कारण घटनेतलं एक वाक्य बदललं की कोट्यवधी माणसांचं आयुष्य बदलतं. आणि ते दर वेळी भल्यासाठीच बदलतं असंही नाही. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ वी दुरुस्ती झाली. तिने लोकसभेची मुदत पाच वर्षांवरून सहा केली. म्हणजे सरकारला जाब विचारायला मतदाराने एक वर्ष जास्त थांबायचं. १९७७ साली लोकांनी ते सरकार पाडलं आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच वर्षं केली. उलट १९८९ च्या ६१ व्या दुरुस्तीने मताचं वय २१ वरून १८ वर आणलं. आज कॉलेजात जाणारी आपली लेक मत देते, ते या एका आकड्याच्या बदलामुळे.

त्याच १९८९ साली दोन गोष्टी घडल्या. पहिली दिल्लीत. राजीव गांधींच्या सरकारने पंचायतींना घटनेत जागा द्यायचं आणि त्यात बायकांसाठी ३० टक्के जागा राखायचं विधेयक आणलं. लोकसभेत ते मंजूर झालं, पण राज्यसभेत दोन तृतीयांशाला थोडकी मतं कमी पडली आणि ते पडलं.

दुसरी गोष्ट जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावची. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ठरवलं होतं की बायकांनी एखाद्-दुसरी जागा मागत बसू नये, पूर्ण पॅनेल बायकांचंच उभं करावं. १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरलं होतं, तिथून ही हवा तयार झाली होती. विटनेरला ग्रामपंचायतीच्या सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या. राखीव जागा नाही, दुरुस्ती नाही, कुणाचा आदेश नाही. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, म्हणजे नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा. त्यातही विटनेर पुढे होतं. १९३५ साली बाईला मत मिळायचं ते नवऱ्याच्या जमिनीवर. इथे बाईच्या हातात आधी पंचायत आली आणि पाठोपाठ जमीन.

१९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या. मग नरसिंह राव सरकारच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये, संसदेने नवं विधेयक मंजूर केलं, निम्म्याहून जास्त राज्यांनी त्याला मान्यता दिली आणि २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. शहरांसाठी ७४ वी, १ जूनला.

या दुरुस्तीने काय दिलं? ग्रामसभेला घटनेत नाव मिळालं. पंचायतीची मुदत पाच वर्षं ठरली, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं लिहिलं गेलं. त्यासाठी राज्य निवडणूक आयोग आला. आणि कलम २४३-ड मध्ये लिहिलं गेलं की किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या. नुसत्या सदस्यांच्या नव्हे, सरपंच, सभापती, अध्यक्ष या पदांच्याही. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश त्या समाजांतल्या बायकांच्या. सोडतीच्या बरणीतली चिठ्ठी इथून आली, मैत्रिणींनो. २०११ साली महाराष्ट्राने ती वाटणी निम्म्यावर नेली.

मग काय झालं? सरपंचबाई झाल्या आणि 'सरपंचपती' हा नवा शब्दही जन्माला आला. कुठे नवरा खुर्चीवर आणि बाई सहीपुरती, कुठे बैठकीची वेळ मुद्दाम अशी की बाईला घरून निघता येऊ नये. बाई ठाम निघाली की अविश्वासाचा ठराव. हे इतकं वाढलं की महिला सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्यांची मतं लागतील, अशी तरतूद राज्याला कायद्यात करावी लागली. पण त्याच काळात दुसरंही घडत होतं. पंचायतीच्या चेकवर ग्रामसेवकाच्या जोडीला सरपंचाची सही लागते. पहिल्यांदा सही करणारी बाई विचारू लागली, पैसे कशाचे? पाण्याची टाकी, शाळेची खोली, अंगणवाडीचा पत्रा, हे विषय बैठकीत वर आले. जी पहिल्या पाच वर्षांत गप्प बसली, ती दुसऱ्या खेपेला बोलली. जी स्वतः बोलली नाही, तिची सून बोलली.

मात्र घटनेत लिहिलंय म्हणून आपोआप घडतं असं समजून चालत नाही. पाच वर्षांत निवडणूक, हे १९९३ पासून लिहिलेलं आहे. तरी २०२२ पासून आपल्या राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. आरक्षणाचे वाद कोर्टात, निवडणुका लांबणीवर. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं. इतकी वर्षं त्या सभागृहांत निम्म्या जागा बायकांच्या होत्या, पण बसायला बाईही नव्हती आणि पुरुषही नव्हता. राखीव खुर्चीचा उपयोग निवडणूक झाली तरच.

आता लोकसभा आणि विधानसभांचं. तिथल्या एक तृतीयांश जागांचं विधेयक पहिल्यांदा १९९६ साली आलं. ते अडकलं, पुन्हा आलं, पुन्हा अडकलं. सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ व्या दुरुस्तीने ते अखेर मंजूर झालं. पण त्या दुरुस्तीत एक अट घातली गेली. त्यानंतरची पहिली जनगणना व्हायची, तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना व्हायची, आणि मग राखीव जागा लागू व्हायच्या. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. गावात निम्म्या आणि दिल्लीत सातातली एक, एवढा हा फरक.

तोवर आपण काय करायचं? पहिलं काम त्या २८ लाख बायकांनी शिकवलेलं. यादीत आपलं नाव आहे का आणि बरोबर आहे का ते बघायचं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत राहून जातं. ते बदलायला ८ नंबरचा फॉर्म आहे, नव्या नावाला ६ नंबरचा, आणि तो बीएलओकडे मिळतो. ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी होत नाही, विधानसभेचीच यादी वापरतात. तिथे नाव नाही तर कुठेच नाही.

दुसरं काम ग्रामसभेचं. आपल्या राज्याच्या कायद्यात आहे की गावाच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची. तुमच्या गावात ती खरंच होते का, की नुसत्या रजिस्टरात सह्या होतात? पुढच्या सभेची नोटीस लागली की ग्रामसेवकाला विचारा, महिला सभा कधी आहे, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेत वाचून दाखवणार का. एकटीने नको, पाच-सात जणी मिळून जा. विटनेरच्या बायकाही एकेकट्या उभ्या राहिल्या नव्हत्या.