लुनेता टेकडीवरचा मॉल : बाग्यो शहराच्या जमिनीचा इतिहास



इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि जुनी दफ्तरे आठवतात. या टिपणात आपण साधन म्हणून एक मॉल घेणार आहोत. तो फिलिपिन्समधल्या बाग्यो या डोंगरी शहरात आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे सवयीने आधी जागेकडे पाहतो. इमारत बांधण्यापूर्वी माती कसली आहे, उतार किती आहे आणि पावसाचे पाणी कुठे जाते, हे तपासायला आम्ही मुलांना पहिल्यापासून शिकवतो. त्या यादीत आज आणखी एक प्रश्न घालू : ही जमीन आधी कोणाची होती आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली?

१. जागेची ओळख

फिलिपिन्सच्या उत्तरेकडचे सर्वांत मोठे बेट म्हणजे लुझोन. राजधानी मनिला याच बेटावर आहे. मनिलाच्या उत्तरेला सुमारे २५० किलोमीटरवर, कोर्डिलेरा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटर उंचीवर बाग्यो वसले आहे. मनिला उकाड्याने हैराण असते तेव्हाही इथे गारवा असतो आणि डोंगरउतारांवर पाइनची झाडे दिसतात. शहराच्या मध्यातून सेशन रोड नावाचा चढाचा रस्ता जातो. त्याच्या खालच्या टोकाला जुना सार्वजनिक बाजार आहे. तिथे बेंगेट प्रांतातल्या शेतांवरची भाजी आणि स्ट्रॉबेरी विकायला येते. जवळच तळे असलेले बर्नहॅम पार्क आहे. रस्त्याच्या वरच्या अंगाला लुनेता टेकडी आहे आणि तिच्यावर २००३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला एसएम सिटी बाग्यो हा मॉल आहे.

या मॉलची एक गोष्ट अभियंत्याच्या लगेच नजरेत भरते. उष्ण प्रदेशातला मॉल म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी आणि आत वातानुकूलन, असे समीकरण असते. इथे मधला भाग खुला आहे आणि त्यावर ताणून बसवलेले तंबूसारखे छत आहे. हवा आपसूक खेळते, त्यामुळे मध्यवर्ती वातानुकूलनाची गरजच पडली नाही. थंड हवा ही या टेकडीची मोठी संपत्ती आहे. तिच्यासाठीच शंभर वर्षांपूर्वी राज्यकर्ते इथे आले. मॉलची कहाणी तिथूनच सुरू करावी लागते.

२. वहिवाट आणि कागद

या भूमीवर इबालोय लोक राहत होते. कोर्डिलेरातल्या अनेक जमातींना मिळून इगोरोत म्हणतात, त्यांपैकीच हे एक. आज जिथे शहर आहे त्या भागाला ते काफाग्वाय म्हणत. तिथे त्यांची गुरे चरत. कुंपण कोणी घातले, कुरण कोणाचे आणि ते वारशाने कोणाकडे जाते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मात्र त्याचा कागद नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर वहिवाट पक्की होती, नोंद नव्हती.

स्पेनने फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, तरी या डोंगरांवर त्यांचा अंमल फारसा बसला नाही. १८९८ च्या युद्धानंतर सत्ता अमेरिकेकडे गेली. नव्या राज्यकर्त्यांना मनिलाच्या उन्हाळ्यातून सुटका हवी होती. ब्रिटिशांनी १८६४ मध्ये शिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा दिला, हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकन अधिकाऱ्यांपुढेही शिमल्याचा नमुना होता. १९०१ ते १९०५ या काळात डोंगर फोडून बेंगेट मार्ग तयार झाला. पुढे तो केनन रोड म्हणून ओळखला जाऊ लागला. फिलिपिनो, जपानी, चिनी अशा अनेक देशांच्या मजुरांनी तो बांधला. अपघात आणि आजारपण यांत कित्येकांचा जीव गेला आणि खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनी वाढला. १९०४ मध्ये फिलिपिन कमिशनची सत्रे बाग्योत भरली. सेशन रोड हे नाव त्या सत्रांवरून पडले.

आता एका खटल्याकडे वळू. तो मॉलच्या जागेबद्दल नव्हता, पण या शहरातली जमीन सरकारी कशी ठरत गेली ते त्यातून कळते. मातेओ कारिन्यो या इबालोय गृहस्थांनी बेंगेटमधल्या १४६ हेक्टर जमिनीवर आपला हक्क सांगितला. आजोबांनी गुरांसाठी कुंपण घातले, वडिलांनी काही भागात शेती केली आणि आपणही ती जमीन चराईसाठी वापरली, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने सार्वजनिक आणि लष्करी कामासाठी त्या जमिनीचा ताबा घेतला होता. स्पॅनिश राजवटीची सनद नाही, म्हणून जमीन सरकारची, अशी सरकारची बाजू होती. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी कारिन्यो यांच्या बाजूने निकाल दिला. माणसांच्या स्मरणात आहे तितक्या मागच्या काळापासून एखादी जमीन खाजगी मालकीच्या भावनेने वापरली जात असेल, तर ती कधीच सरकारी नव्हती असे मानले पाहिजे, हा त्याचा आशय. परदेशी राजाच्या कागदापेक्षा वहिवाट जुनी आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

हे तत्त्व पुढे फार दूर गेले. फिलिपिन्सने १९९७ मध्ये मूलनिवासी समाजांच्या हक्कांचा कायदा केला. त्यामागच्या विचारात या खटल्याला मानाचे स्थान आहे. आता त्याच कायद्याचे ७८ वे कलम पाहा. त्यात बाग्यो शहरासाठी वेगळी तरतूद आहे : या शहराचा कारभार त्याच्या स्वतःच्या सनदेप्रमाणेच चालेल. कायदा होण्याआधी मान्य झालेले जमीनहक्क त्यात कायम ठेवले आहेत, हे खरे. तरीही ज्या भूमीतल्या खटल्याने देशभरातल्या मूलनिवासींना आधार दिला, त्याच भूमीला कायद्याने बाजूला ठेवले. ही विसंगती लक्षात ठेवा.

३. पंचवीस हजार माणसांचा आराखडा

१९०४ च्या अखेरीस डॅनियल बर्नहॅम हे नामांकित अमेरिकन नगररचनाकार फिलिपिन्समध्ये आले. शिकागो शहराचा १९०९ चा प्रसिद्ध आराखडाही त्यांच्याच नावावर आहे. बाग्योसाठी त्यांनी १९०५ मध्ये आराखडा दिला. मध्ये सपाट मोकळी जागा, तिच्याभोवती व्यापारी आणि सरकारी भाग, आणि डोंगराच्या वळणांना धरून जाणारे रस्ते, अशी त्याची मांडणी होती. शहर धरले होते सुमारे २५,००० लोकवस्तीचे. शहराच्या आसपासच्या उंचवट्यांवरची झाडी काळजीपूर्वक राखावी, असेही त्यांनी अहवालात बजावले होते.

१९०६ मध्ये शहरातल्या भूखंडांचा लिलाव सुरू झाला आणि १ सप्टेंबर १९०९ रोजी बाग्योला शहराची सनद मिळाली. वर्ष पुन्हा एकदा पाहा. कारिन्यो खटल्याचा निकाल आणि शहराची सनद, दोन्ही १९०९ चे. वहिवाटीला मान्यता मिळाली त्याच वर्षी कागदाचे शहरही अधिकृत झाले. पुढचे शतक बाग्यो या दोन तत्त्वांच्या ओढाताणीत वाढले.

वाढ आराखड्यात मावली नाही. भोवतालच्या सोन्याच्या खाणी, महाविद्यालये आणि पर्यटन यांमुळे माणसे येत राहिली. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,६६,३५८ होती, म्हणजे आराखड्यातल्या आकड्याच्या चौदापटींहून अधिक. शहराचे क्षेत्र मात्र साधारण ५७ चौरस किलोमीटर, तेही बरेचसे उताराचे.

४. हॉटेल ते मॉल

लुनेता टेकडीवर मॉलच्या आधी पाइन्स हॉटेल होते. उन्हाळी राजधानीत येणारे अधिकारी, पाहुणे आणि पुढे सुट्टीला येणारी सुखवस्तू कुटुंबे तिथे उतरत. ऑक्टोबर १९८४ मध्ये लागलेल्या आगीत ते जळाले आणि त्यात माणसेही दगावली. टेकडी बरीच वर्षे पडून राहिली. मध्यंतरी १६ जुलै १९९० रोजी लुझोनमध्ये मोठा भूकंप झाला. बाग्योतली काही हॉटेले कोसळली, दरडी पडून शहराकडे येणारे मुख्य रस्ते बंद झाले आणि शहर काही दिवस बाहेरच्या जगापासून तुटले. या धक्क्यातून शहर सावरत असतानाच नव्या गुंतवणुकीचे दरवाजे उघडले.

ज्या उद्योगसमूहाने मॉल उभारला त्याची सुरुवात चपलाबुटांच्या दुकानातून झाली. चीनच्या फुजियान प्रांतात जन्मलेले हेन्री सी यांनी १९५८ मध्ये मनिलात शूमार्ट नावाचे दुकान काढले. एसएम ही त्याचीच आद्याक्षरे. १९८५ मध्ये मनिला महानगरात त्यांचा पहिला मोठा मॉल सुरू झाला आणि त्यानंतर प्रांतिक शहरांमध्येही मॉल पोहोचले. परदेशात राबणाऱ्या लाखो फिलिपिनो लोकांनी घरी धाडलेल्या पैशावर तिथला किरकोळ व्यापार मोठ्या प्रमाणात उभा आहे. तिथला मॉल हे केवळ खरेदीचे ठिकाण नसते. बँकेची कामे, बिलांचा भरणा, सिनेमा, अनेक ठिकाणी तर रविवारची प्रार्थनासुद्धा मॉलमध्ये होते. बाग्योसारख्या पावसाळी शहरात कोरडी, उजेडाची, स्वच्छ जागा लोकांना हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच की सेशन रोडवर किंवा बर्नहॅम पार्कमध्ये कुणीही केव्हाही जाऊ शकतो, आणि मॉलचे दार उघडायचे की बंद ठेवायचे ते मालक ठरवतो.

५. १८२ झाडे

मॉलच्या विस्ताराची योजना पुढे आली तेव्हा टेकडीच्या उतारावरची पाइन आणि अल्नस जातीची १८२ झाडे काढावी लागणार होती. तिथे वाहनतळ आणि वर हिरवे गच्ची-उद्यान होणार होते. झाडे मुळांसकट काढून दुसरीकडे लावू, नवी रोपे लावू, पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधू, असे कंपनीचे म्हणणे होते. जानेवारी २०१२ मध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांत विद्यार्थी होते, कलावंत होते, धर्मगुरू होते. एप्रिलमध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई आदेश दिला, पण तो बजावला जाण्याआधीच रात्रीतून काही झाडे काढली गेली होती. स्थानिक न्यायालय आणि अपील न्यायालय या दोन्ही ठिकाणी आंदोलक हरले. २०१५ च्या जानेवारीत आणखी झाडे पडली. त्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली आणि २०१९ मध्ये खालचे निकाल बाजूला सारून आंदोलकांची बाजू मान्य केली. तोवर बरीच झाडे गेली होती.

एवढ्या मोठ्या शहरात १८२ झाडांसाठी सात वर्षे भांडण का? एक सोपे गणित करू. एक हेक्टर पक्क्या पृष्ठभागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी जमा होते. झाडीच्या उतारावर त्यातले काही पाणी पानांवर अडते, काही जमिनीत मुरते आणि उरलेले सावकाश उतरते. काँक्रीटवरून मात्र जवळजवळ सगळे एकदम खाली धावते. बाग्योत १०० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. जुलै १९११ मध्ये इथे २४ तासांत सुमारे १,१६८ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तो त्या काळचा जागतिक उच्चांक मानला जातो. टाकी बांधून पाणी अडवता येते, हे खरे. पण टाकीची क्षमता ठरलेली असते, तिचा गाळ काढावा लागतो आणि ती उताराची माती धरून ठेवत नाही. उंचवट्यांवरची झाडी राखा, हे बर्नहॅम यांनी १९०५ मध्येच लिहून ठेवले होते. शंभर वर्षांनी सामान्य नागरिक तेच न्यायालयात सांगत होते.

६. समारोप

एकाच शहराच्या जमिनीत आपण कुरण, उन्हाळी राजधानी, हॉटेल आणि मॉल असे थर पाहिले. प्रत्येक नव्या वापराच्या वेळी कागद तयार होते : आराखडा, सनद, लिलावाची पावती, बांधकामाची परवानगी. आणि जवळपास प्रत्येक वेळी कुणीतरी पुढे येऊन म्हणाले की या जागेशी आमचेही नाते आहे आणि ते तुमच्या कागदात दिसत नाही. १९०९ मध्ये ते एका माणसाने आपल्या कुरणासाठी म्हटले, २०१२ मध्ये शहराने आपल्या झाडांसाठी. दोन्ही वेळा शेवटच्या पायरीवर न्याय मिळाला, पण दोन्ही वेळा तोवर जागेवरची परिस्थिती पार बदललेली होती. निकाल पुस्तकात राहतो आणि जमीन ज्याच्या ताब्यात असते तो काम पुढे नेतो, हे या इतिहासाचे कठोर सांगणे आहे.

ही चर्चा मागे पडलेली नाही. सेशन रोडच्या खालच्या टोकाचा जुना बाजार नव्याने बांधण्याचा प्रस्ताव याच उद्योगसमूहाने दिला. बाजारातल्या विक्रेत्यांनी त्याला विरोध केला. जुनी जागा गैरसोयीची आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. नव्या इमारतीत आपला गाळा आणि आपले गिऱ्हाईक टिकेल का, ही त्यांची काळजी आहे.

तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही प्रशासनात जातील, काही वकील होतील. जागेचा नकाशा समोर येईल तेव्हा मातीच्या चाचणीबरोबर तिचा इतिहासही मागवा. नंतर मागवला तर तो बहुधा न्यायालयाच्या समन्समधूनच येतो.

विचारासाठी प्रश्न

१. कारिन्यो खटल्यात सरकारचा युक्तिवाद काय होता आणि न्यायालयाने तो का नाकारला?
२. बर्नहॅम यांच्या आराखड्यातली लोकसंख्या आणि २०२० ची लोकसंख्या यांतील तफावतीचे शहराच्या उतारांवर कोणते परिणाम संभवतात?
३. तुमच्या गावातला एखादा मॉल, बसस्थानक किंवा बाजार निवडा. त्या जागेवर आधी काय होते, हे घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पानभर लिहा.