न जोडलेली मोटार : प्लास्टिकच्या किटमध्ये दडलेला इतिहास

#थ्रेड

१/ इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, नाणी, बखरी आणि मोडी कागद डोळ्यांपुढे येतात. मुलांसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या मोटारीचा खोका या यादीत सहसा कोणी धरत नाही. परंतु विसाव्या शतकातील अमेरिकी मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्याला हा खोका टाळून चालत नाही. त्याचे कारण या धाग्यात पाहू.

२/ फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेने नागरी मोटारींचे उत्पादन थांबवले आणि कारखाने युद्धसामग्रीला जुंपले. युद्ध संपले तेव्हा गिऱ्हाईक नव्या गाडीसाठी आसुसलेले होते. पुढील दशकात डेट्रॉइटच्या कंपन्यांत अशी चुरस लागली की बहुतेक गाड्यांचे रूप दरवर्षी थोडेफार पालटू लागले. गेल्या वर्षीची गाडी यंदा जुनी दिसली पाहिजे, हेच व्यापाराचे सूत्र झाले.

३/ या व्यापाराला एक चिमुकले साधन लाभले : ‘प्रोमो’, म्हणजे प्रचारासाठी केलेली गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती. विक्रेता तिच्यावरून गिऱ्हाइकाला रंग दाखवी आणि आईवडिलांसोबत आलेल्या मुलाच्या हाती ती भेट म्हणून ठेवी. मोठ्यांचा सौदा पटवण्याची वाट मुलाच्या हातातून जाते, हे त्या विक्रेत्यांना पुरते ठाऊक होते.

४/ १९४८ मध्ये वेस्ट गॅलॉग्ली या वकिलाने डेट्रॉइट परिसरात अशा प्रतिकृतींची कंपनी काढली. पहिली गाडी होती ॲल्युमिनियममध्ये ओतलेली फोर्ड. म्हणून नाव पडले ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’, संक्षेपाने ए.एम.टी. लवकरच ॲल्युमिनियम गेले, प्लास्टिक आले. नाव मात्र तेच राहिले.

५/ या प्रतिकृतींचे प्रमाण साधारणतः १:२५ असे. पाच मीटर लांबीची खरी गाडी टेबलावर वीस सेंटिमीटरची होई. गाडी बाजारात येईल त्याच सुमारास प्रोमोही तयार हवी. म्हणून मोटार कंपन्या आपले आराखडे गुप्ततेच्या अटीवर आधीच या कारागिरांना देत. खेळण्याच्या कारखान्यात पुढच्या वर्षीची गाडी जगाआधी पोहोचत असे.

६/ आराखड्यावरून आधी मोठ्या आकाराचा नमुना कोरला जाई. पेंटोग्राफ यंत्राची एक सुई नमुन्यावर फिरे आणि दुसऱ्या टोकाचे हत्यार तीच रेषा लहान करून धातूत कापी. अशा साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरले की दाराच्या फटीपासून बंपरच्या वळणापर्यंत सारे उमटे. साचा घडवणे फार खर्चाचे, त्यातून एकेक गाडी काढणे फार स्वस्त. पुढची सारी कथा या दोन वाक्यांतून निघते.

७/ साच्याचा खर्च केवळ प्रोमोवर का काढावा? १९५८ मध्ये ए.एम.टी.ने त्याच साच्यांतील गाड्या सुट्या भागांच्या रूपात खोक्यात भरून विकायला काढल्या. त्यांना ‘थ्री इन वन’ म्हणत. एकाच खोक्यातील भागांतून कारखान्यातून निघते तशी, आवडीप्रमाणे सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी कोणतीही गाडी जोडता येई. मोटारीच्या किट त्याआधीही होत्या. कॅलिफोर्नियाच्या रेव्हेलने १९५० च्या दशकाच्या आरंभी जुन्यापुराण्या गाड्यांची मालिका गाजवली होती. ए.एम.टी.ने मुलाला दिली ती यंदाचीच, शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी.

८/ किट दीड-दोन डॉलरला मिळे. परवाना मिळण्याचे वय न झालेला मुलगाही तिच्यात इंजिन बसवी, छत कापी, रंग चढवी. त्या काळी कॅलिफोर्नियात गाड्या कापून-जोडून नटवणारे कारागीर प्रसिद्धीस आले होते. त्यांपैकी जॉर्ज बॅरिससारख्यांना ए.एम.टी.ने सल्लागार नेमले. जो-हॅन आणि एम.पी.सी. या कंपन्याही चढाओढीत होत्या.

९/ आता मुख्य मुद्दा. खरी गाडी दरवर्षी बदले, म्हणून किटही बदलावी लागे. दरवर्षी नवा साचा परवडणारा नव्हता. मग गेल्या वर्षीच्याच साच्याचे पोलाद कोरून त्यात नवी जाळी, नवे दिवे, नवी मागची बाजू बसवत. साच्याचे नवे रूप सिद्ध झाले की जुने कायमचे नाहीसे होई. कोरून काढलेले पोलाद परत येत नाही.

१०/ म्हणजे एखाद्या वर्षीच्या गाडीची किट त्या वर्षी जेवढी छापली गेली तेवढीच जगात उरली. त्यांतल्या बहुतेक मुलांनी जोडून टाकल्या. त्या त्यासाठीच तर होत्या! शिवाय पॉलिस्टायरीनचा गोंद प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवून दोन भाग एकजीव करतो. जोडलेली गाडी पुन्हा अखंड सुटी करता येत नाही.

११/ जुन्या प्रोमोंची तऱ्हा निराळी. १९५० च्या दशकात त्या बहुधा सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. हे द्रव्य काळाच्या ओघात आकसते आणि वाकते. कोणी हात न लावलेल्या गाडीचेही छत खचलेले आणि टोके वर आलेली दिसतात. पुढे पॉलिस्टायरीन आल्यावर हे दुखणे आटोक्यात आले.

१२/ या साधनाचे मोल क्रायस्लरच्या टर्बाइन गाडीवरून कळते. तिचे इंजिन जेट विमानाच्या तत्त्वावर चाले आणि रॉकेलवरही धावे. १९६३ पासून अशा ५० गाड्या सामान्य कुटुंबांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. २०३ जणांनी त्या चालवल्या. मग प्रयोग आवरला. प्राथमिक नमुने धरून घडवलेल्या एकूण ५५ गाड्यांपैकी ४६ कंपनीने नष्ट केल्या. उरल्या ९.

१३/ परंतु जो-हॅनने तिची १:२५ किट काढली होती, तीही टर्बाइन इंजिनासह. खरी गाडी पाहायला मोजकी संग्रहालये गाठावी लागतात. तिचे बांधकाम हातात घेऊन उलगडणारी ती किट मात्र घराघरांत पोहोचली. कंपनीने जे मोडीत काढले, त्याची एक प्रत खेळण्याने जपली.

१४/ अर्थात साधन म्हटले की चिकित्सा आली. साच्याच्या सोयीसाठी भाग जाड होतात, काही तपशील गाळले जातात. पुढच्या काळात जुन्या नावाने पुन्हा निघालेल्या किटमध्ये बदललेला साचा वापरलेला असू शकतो. खोक्यावरील चित्र व वर्ष पाहून आतील भागांची खात्री देता येत नाही. बखरीतील तिथी कागदपत्रांशी ताडावी, तशी किट छायाचित्रांशी आणि मूळ गाडीशी ताडावी लागते.

१५/ ए.एम.टी. १९७८ मध्ये मॅचबॉक्सच्या लेस्नी कंपनीकडे गेली. आज ते नाव राऊंड टू या कंपनीकडे आहे. अलीकडे काही हरवलेले साचे नव्याने घडवले गेले आहेत. त्यांना आधार मिळाला तो कोणीतरी न जोडता ठेवलेल्या जुन्या किटचा. जुन्या वाड्यातील दप्तर पुडी बांधायला वाण्याकडे न जाता माळ्यावर राहिले, तर संशोधकाचे भाग्य उघडते. तसेच हे.

१६/ मग किट जोडू नये काय? संग्राहकांत हा वाद अजून चालतो. न जोडलेला खोका कारखान्याचे काम सांगतो. बोटांचे ठसे उमटलेली, रंग ओघळलेली, वाकड्या चाकांची गाडी त्या काळच्या मुलाला काय हवे होते ते सांगते, आणि ते कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. दुर्मीळ असेल ते जपावे, विपुल असेल ते खुशाल जोडावे. जोडताना खोका, माहितीपत्रक आणि उरलेले भाग मात्र टाकू नयेत. पुढच्या अभ्यासकाला त्यांचीच गरज पडेल.