राजकारणी शोकान्तिकेची कोणती प्रत प्रमाण मानावी?

जालना जिल्ह्यांतील कुंभार पिंपळगांवच्या परिसरांत ग्रंथाच्या प्रतीचा प्रश्न नवा नाहीं. जवळच्याच जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले. त्यांचा दासबोध मठामठांतून हातांनीं उतरला गेला आणि नकलागणिक पाठ बदलत गेले. पुढें धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातची प्रत आधारास घेऊन १९०५ सालीं तो छापला, तेव्हां अभ्यासकांच्या हातीं भरंवशाचा पाठ आला. उगमाजवळचें पाणी निर्मळ, असा हा साधा न्याय आहे. नाटकाला मात्र तेवढा न्याय पुरत नाहीं. आणि नाटक राजकारणी असेल तर मुळींच पुरत नाहीं. कर्त्याची लेखणी, नाटक मंडळीची तालमीची वही, छापखान्यांतील खिळे आणि सत्तेची नजर अशा चार ठिकाणांहून तें वाचकापर्यंत येतें, आणि प्रत्येक ठिकाणीं त्यांत कांहीं बदलूं शकतें.

शेक्सपिअरचें ‘ज्यूलियस सीझर’ हें याचें उत्तम उदाहरण होय. बाझल शहरच्या थॉमस प्लाटर या प्रवाशानें २१ सप्टेंबर १५९९ रोजीं लंडन येथें सीझरच्या वधाचें एक नाटक पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. तें हेंच, असें विद्वान सामान्यतः मानतात. कर्ता १६१६ सालीं वारला. नाटक छापून निघालें तें १६२३ सालीं, हेमिंग व काँडेल या त्याच्या सोबती नटांनीं सिद्ध केलेल्या ३६ नाटकांच्या संग्रहांत. ‘हॅम्लेट’चे १६०३, १६०४-०५ आणि १६२३ असे तीन भिन्न पाठ आहेत, ‘सीझर’चा मूळ छापील पाठ एकच. तेव्हां निवडण्यास कांहीं उरलेंच नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु या एकाच पाठाच्या पोटांत अनेक अडचणी आहेत, आणि संपादकांनीं त्या निरनिराळ्या रीतींनीं सोडविल्या आहेत.

चौथ्या अंकांत ब्रूटसची पत्नी पोर्शिया हिच्या मरणाची वार्ता दोनदां येते. प्रथम ब्रूटस स्वतःच ती कॅशियसला व्यथित अंतःकरणानें सांगतो. थोड्याच वेळानें मेस्साला विचारतो, तेव्हां आपणांस कांहींच ठाऊक नाहीं असें तो दाखवितो, आणि तीच वार्ता जणूं पहिल्यानेंच ऐकून स्थितप्रज्ञाप्रमाणें गिळतो. कांहीं संपादक म्हणतात, यांतील एक मजकूर पहिल्या लेखनाचा, दुसरा सुधारणेचा, आणि छापतांना चुकून दोन्ही राहिले. दुसऱ्यांचें म्हणणें, दोन्ही हेतुपूर्वकच आहेत. पहिला पक्ष धरून एक मजकूर गाळला तर ब्रूटस निर्मळ राहतो. दोन्ही ठेवले तर अनुयायांपुढें धैर्याचा देखावा करणारा पुढारी दिसूं लागतो. प्रत निवडतांना वाचक नकळत नायकाचें चारित्र्यही निवडीत असतो.

दुसरी अडचण सीझरच्याच तोंडच्या एका वाक्याची. बेन जॉन्सन हा समकालीन नाटककार १६३७ सालीं वारला. त्यानंतर छापलेल्या त्याच्या टिपणांत या वाक्याची थट्टा आढळते. त्याच्या आठवणीप्रमाणें सीझर म्हणतो कीं, आपण अन्याय करतों तोही न्याय्य कारणाखेरीज करीत नाहीं. छापील पाठांत मात्र आपण अन्यायच करीत नाहीं असा त्याचा दावा आहे. थट्टेनंतर तें वाक्य बदललें गेलें असावें असा अनेकांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर सत्ताधाऱ्याच्या अरेरावीचें मर्म सांगणारे शब्द व्याकरणशुद्ध केले गेले आणि त्यांतील विष निघून गेलें.

संपादकाचा आदरभावही कधीं घातक होतो. सीझरच्या रक्तांत हात बुडविण्यास ब्रूटस सोबत्यांस सांगतो. अलेक्झांडर पोप या कवीनें १७२५ च्या आपल्या आवृत्तींत तें भाषण ब्रूटसकडून काढून कॅस्काला दिलें. सज्जनाच्या तोंडीं तें शोभत नाहीं असें त्याला वाटलें. परंतु सज्जनाच्याच तोंडीं तें यावें यांतच या शोकान्तिकेचें बीज आहे. स्वातंत्र्याच्या नांवानें केलेला वध कर्त्याच्या हातांना रक्त लावल्यावांचून राहत नाहीं, ही गोष्ट पोपच्या प्रतींत पुसट झाली.

रंगभूमीनें तर याहून मोठी कात्री चालविली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी प्रयोगांतून दोन प्रवेश बहुधा गाळले जात. एकांत अँटनी व त्याचे साथीदार मारावयाच्या माणसांच्या नांवांवर खुणा करतात. दुसऱ्यांत खवळलेला जमाव सिन्ना नांवाच्या कवीला, त्याचें नांव एका कटवाल्याचें आहे एवढ्याच कारणावरून, फाडून टाकतो. हे दोन प्रवेश गेले म्हणजे अँटनी केवळ स्वामिनिष्ठ मित्र उरतो आणि त्याच्या भाषणाची किंमत कोणी मोजली हें प्रेक्षकास कळतच नाहीं. १९३७ सालीं न्यूयॉर्क येथें ऑर्सन वेल्सनें हें नाटक तत्कालीन फॅसिस्ट गणवेशांत उभें केलें, तेव्हां सिन्नाचा प्रवेश त्या प्रयोगाचें काळीज ठरला. अर्थात् वेल्सनेंही शेवटच्या अंकांचा पुष्कळ भाग कापलाच होता.

त्याच १९३७ सालीं कुंभार पिंपळगांवच्या मुलखांतील परतूर येथें निजाम राज्यांतील महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. सभेलाही सरकारची परवानगी लागे, अशा राज्यांत कोणता शब्द उच्चारावा आणि कोणता गाळावा हा केवळ साहित्याचा प्रश्न नव्हता. ब्रिटिश मुलखांतही त्याहून वेगळें नव्हतें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्यांतील कथा महाभारताची. परंतु कीचकांत प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदींत भारतमाता. १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. ज्या अर्थासाठीं बंदी आली तो संहितेंत उघड लिहिलेला नव्हता. तो काळानें आणि प्रेक्षकांनीं भरलेला होता. म्हणून अशा नाटकाचा नुसता मूळ पाठ निर्दोष छापला तरी तो अर्धाच छापला असें म्हणावें लागेल. त्याचा काळ सांगणारी प्रस्तावना हा त्या पाठाचाच भाग होय.

मराठी वाचकाला आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. आगरकरांचें ‘विकारविलसित’ (१८८३) ‘हॅम्लेट’वरून आणि देवलांचें ‘झुंझारराव’ (१८९०) ‘ऑथेल्लो’वरून उतरलें. या कृतींचें मोल मोठें आहे. परंतु भाषांतर किंवा रूपांतर हें कोणत्या तरी एका संपादकाच्या प्रतीवर उभें असतें, आणि त्या संपादकाची निवड मराठींत मुकाट्यानें उतरते.

तेव्हां गांवच्या वाचनालयास एकच प्रत घेणें शक्य असेल तर सुबक बांधणी वा सोपी भाषा ही कसोटी धरूं नये. आधार कोणत्या पाठाचा हें जी प्रत सांगते, गाळलेल्या जागा दाखविते, पोर्शियाची वार्ता दोन्ही ठिकाणीं ठेवून तळटीपेंत वाद मांडते, ती घ्यावी. प्रयोगासाठीं कांहीं कापणें अपरिहार्यच आहे. मात्र कापलें तें लपवूं नये. हातीं आलेल्या प्रतीची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे तिसऱ्या अंकाचा शेवट उघडून पाहावा. तेथें तो निरपराध कवि जमावाच्या हातून मरत असेल, तर ती प्रत बहुधा विश्वासास पात्र आहे. आणि तो प्रवेश तेथें नसेल, तर त्याला कोणी आणि कां वगळलें हें आधीं विचारावें.