धारूरचा किल्ला

धारूरचा किल्ला हा महाराष्ट्र राज्याच्या बीड जिल्ह्यातील धारूर या तालुक्याच्या गावी, बालाघाटाच्या डोंगररांगेत असलेला मध्ययुगीन किल्ला आहे. त्याच्यामुळे गावालाही ‘किल्ले धारूर’ म्हणतात. विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमावादातून हा किल्ला उभा राहिला आणि बांधून फार काळ होण्याआधीच त्याच वादात विजापूरच्या हातून गेला.

रचना

किल्ला डोंगराच्या सोंडेवर असून त्याला खोल दऱ्यांचे नैसर्गिक संरक्षण लाभले आहे. गावाकडील बाजू मात्र जवळजवळ सपाट असल्याने तेथे खंदक व भक्कम तटबंदी आहे. त्यामुळे गावातून पाहता हा भुईकोट वाटतो आणि दरीच्या बाजूने पाहता गिरिदुर्ग. आत पाण्याचे तलाव आहेत.

इतिहास

राष्ट्रकूटकाळात येथे ‘महादुर्ग’ नावाचा किल्ला होता असे सांगितले जाते. आजच्या किल्ल्याचा स्पष्ट इतिहास मात्र सोळाव्या शतकापासून मिळतो. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध एकत्र लढलेल्या विजापूर व अहमदनगर यांच्यात लवकरच पुन्हा वैर सुरू झाले. दोन्ही घराण्यांत दुहेरी सोयरीक होती: अहमदनगरची चांदबीबी पहिल्या अली आदिलशहाला, तर त्याची बहीण मुर्तझा निजामशहाला दिलेली होती. या नात्याचा काही उपयोग झाला नाही. १५६७ च्या सुमारास अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने धारूर येथे किल्ला बांधून निजामशाही मुलखावर दडपण आणले.

१५६९ मध्ये मुर्तझा निजामशहा स्वतः चालून आला. इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार, किश्वरखानाने पाठवलेले उद्धट पत्र वाचून, किल्ल्यात शिरल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही अशी शपथ त्याने घेतली. किल्ल्यातून तोफा-बंदुकांचा मारा चालू असतानाच किश्वरखान बाण लागून ठार झाला आणि शिबंदीने किल्ला सोडला. शपथेची कथा दरबारी थाटाची असली, तरी किल्लेदार पडताच किल्ला पडला यात नवल नाही.

१६३०–३१ मध्ये बंडखोर खानजहान लोदीचा पाठलाग करीत मोगल सेना दख्खनमध्ये उतरली. या वर्षांत दख्खन व गुजरातमध्ये भीषण दुष्काळ होता. जानेवारी १६३१ मध्ये आझमखानाने धारूरची पेठ लुटून किल्ला घेतला. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनामा’ या ग्रंथानुसार किल्लेदार सिद्दी सालिम मोगलांच्या हाती सापडला. त्यानंतर आझमखानाने परांड्याला वेढा घातला. पण वैरणीअभावी तो उठवून त्याला धारूरकडे परतावे लागले. दऱ्यांनी वेढलेला किल्ला हाती आला, परंतु उजाड मुलखात जनावरे जगवणे साधले नाही.

मोगलकाळात गावाचे ‘फतहाबाद’ हे नाव रूढ होते. येथील टांकसाळीच्या नाण्यांवर ‘फतहाबाद धारूर’ असा उल्लेख आढळतो. पुढे हा भाग हैदराबादच्या निजामाकडे गेला व १९४८ पर्यंत त्याच संस्थानात राहिला.