पेशीचे दोन पहारेकरी



आपल्या चेंबूरच्या एका अंगास ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र आहे आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालयही फार दूर नाही. १९४१ साली उघडलेले हे रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. आजच्या कथेचा एक धागा त्याच रुग्णालयातून जातो.

१९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. डॉ. जस्सावाला यांच्या देखरेखीखालील त्या नोंदींत एक गोष्ट ठळक दिसली : गर्भाशयमुखाचा कर्करोग पारशी स्त्रियांत कमी, हिंदू स्त्रियांत अधिक. हा रोग केवळ दैवाचा खेळ असता, तर समाजासमाजांत एवढा भेद पडता ना. कारण कोठेतरी बाहेर होते. १९८३ साली जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने या रोगाच्या गाठींतून पॅपिलोमा जातीचा विषाणू शोधून काढला.

परंतु विषाणू करतो काय? आपल्या पेशीत वाढीला लगाम घालणारी काही जनुके असतात. त्यांतील दोन प्रमुख म्हणजे आरबी आणि पी-५३. एक पेशीला अवेळी दुभंगू देत नाही. दुसरे बिघडलेल्या पेशीस थांबविते, प्रसंगी नष्ट करविते. १९८९ साली दिसून आले की विषाणूचे ई-७ हे प्रथिन आरबीच्या प्रथिनास जखडते. पुढच्याच वर्षी कळले की ई-६ हे पी-५३ च्या प्रथिनाचा नाश घडविते. इतर अनेक कर्करोगांत पी-५३ चे जनुकच मोडलेले असते. येथे ते बहुधा शाबूत असते. निकामी होते ते त्याचे प्रथिन.

१९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. २००० साली त्या पेशींतील विषाणूची जनुके दाबून टाकली, तेव्हा हे दोन्ही पहारेकरी पुन्हा कामावर हजर झाले!

बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातही कर्करोग व्हावयास अनेक वर्षे लागतात. तेवढा अवधी आपल्या हाती असतो. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांची तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, खास तयार केलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केली. साधन कोणते? व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल. ते लावताच दूषित जागा पांढरी दिसते. तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुढे २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीलाही परवाना मिळाला.

शेवटी एकच विनंती. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे. विवाहित आयुष्यात तो कोणालाही गाठू शकतो. म्हणून या दुखण्यावरून कोणत्याही बाईच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नका, आणि लाजेपायी घरातील बाईची तपासणी पुढे ढकलू नका.